विचारा की! या महिन्यात : आयरिश पबातलं गाणं-वाजवणं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आयर्लंडात गाणं ऐकायचं असेल तर थिएटर शोधू नका, संध्याकाळी पबात जाऊन बसा. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आलेत की सगळा कॉलम त्यावरच द्यायची वेळ आली. आपल्या मराठवाड्यातली किती लेकरं तिकडं जाऊन बसलीत ते पण यानिमित्तानं कळलं. लोणच्याला बुरशी का येते वगैरे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, रागावू नका.

ताई, आमचा मुलगा डब्लिनला शिकायलाय. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडं चाललोत. तो म्हणतो, आई तुला पबात लाइव्ह म्युझिक ऐकायला नेतो. आम्ही दोघंही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. दारूच्या दुकानात जाऊन बसायचं म्हणजे कसंतरीच वाटायलंय, ह्यांचं तर सरळ नाही आहे. पण लेकराचा हिरमोड पण करावा वाटंना. काय करावं? – एक आई, लातूर

काकू, बिनधास्त जा आणि काकांना पण घेऊन जा.

तुमच्या डोळ्यासमोर आपलं परमिट रूम आहे, खिडक्यांना काळी काच, आत धूर, बाईमाणूस औषधाला नाही. तिकडं तसं नसतं हो. आजी असते, आजीची मैत्रीण असते, एखादं कुत्रं टेबलाखाली झोपलेलं असतं, लेकरं पण असतात, रात्री नऊपर्यंत, उन्हाळ्यात दहापर्यंत, मग कायद्यानं त्यांना घरी न्यावं लागतं. धुराचं म्हणाल तर २९ मार्च २००४ पासून पबात सिगारेट ओढायलाच बंदी आहे, असा कायदा अख्ख्या देशात लावणारा आयर्लंड जगातला पहिला देश, ओढणारे बाहेर थंडीत कुडकुडत उभे असतात.

चहा मिळतो, छोट्या किटलीत, दूध वेगळं देतात, आणि त्यासाठी कुणी वाकडं तोंड करत नाही. आपल्या चहाची सर नाही त्याला, साखर दोन पुड्या जास्तीच मागून घ्या. जेवणाचं मात्र आधी बघा. ‘आजचं सूप’ बऱ्याचदा भाज्यांचंच असतं आणि सोबत लोणी लावलेला गव्हाचा ब्राउन ब्रेड येतो, झकास लागतं, पण ते सूप चिकनच्या पाण्यात केलंय का हे मुलाला स्पष्ट विचारायला लावा, ते लोक खरं सांगतात. किचन नऊच्या आसपास बंद होतं, आपल्यासारखं साडेदहाला जेवू म्हणाल तर उपाशी याल, घरूनच दोन दशम्या खाऊन निघालेलं बरं.

आता गाण्याचं. काका सप्ताहात टाळ धरत असतील ना, तर त्यांना मी सांगते ते लगेच कळेल. रात्रीच्या भजनाला माणसं कशी बसतात, एकमेकांकडं तोंड करून, पेटीवाला मधी, कुणी उशिरा आला की जरा सरकून जागा, आणि ऐकणारे अवतीभोवती. पबातलं सेशन तसंच असतं. कोपऱ्यातलं एक टेबल, त्याच्याभोवती चार-सहा-आठ जण, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची बारीक बासरी, लाकडी बासरी, कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरायची छोटी पेटी, बँजो. स्टेज नाही, माईक नाही, सूत्रसंचालक तर अजिबात नाही. तुमच्याकडं त्यांची पाठ असेल, अपमान समजू नका. ते एकमेकांसाठी वाजवायलेत आणि आपण बाजूला बसून ऐकायलोत, एवढंच. काकांना म्हणावं, दारू दुसऱ्याच्या ग्लासात आहे, तुमच्या कपात चहा आहे.

मी निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी टूरसोबत डब्लिनला गेलो होतो. टेम्पल बार नावाच्या भागात नेलं. एक पोरगा गिटार घेऊन माईकवर मोठमोठ्यानं इंग्रजी पॉप गाणी म्हणायला, लोक नाचायलेत, बिअरच्या पाइंटचा भाव ऐकून मला घाम फुटला. शेवटी त्यानं ‘डॅनी बॉय’ म्हटलं, तेव्हा शेजारचा अमेरिकन म्हातारा रडायला. हेच का ते आयरिश संगीत? शेकडो वर्षांची परंपरा आहे असं गाईड सांगत होता. – एक वाचक, परभणी

सर, तुम्ही पाहिलं तो ‘गिग’. पगारी कार्यक्रम. त्यात वाईट काही नाही, त्या पोराचं पोट आहे त्याच्यावर, पण मी लिहिलं होतं ते हे नव्हे. टेम्पल बार हा टुरिस्टचा भाग, तिथं सगळंच महाग, डब्लिनची माणसं स्वतः फार कमी जातात. आणि त्या गाण्याचं सांगू का, चाल जुनी आहे, उत्तरेकडच्या डेरी भागातली, पण शब्द फ्रेडरिक वेदरली नावाच्या एका इंग्रज वकिलाचे, १९१३ साली छापलेले. अमेरिकन आजोबांना सांगू नका, उगं दुखावतील.

खरं सेशन ऐकायचं तर लिफी नदीच्या उत्तरेला स्मिथफिल्डमध्ये कॉबलस्टोन नावाचा पब आहे. बाहेरून बघाल तर वाटणार पण नाही. २०२१ मध्ये त्याच्या भोवती आणि वर हॉटेल बांधायची योजना आली तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली. गावाबाहेर पडायची हिंमत असेल तर पश्चिमेला क्लेअर काउंटी, म्हणजे जिल्हाच. मोहरचे कडे बघायला सगळ्याच टूर जातात, त्याच्या शेजारीच डूलिन नावाचं इवलंसं गाव आहे, पण बस तिथं थांबली तरी दुपारच्या जेवणापुरती आणि संध्याकाळी पॅसेंजर परत डब्लिनला, आता यात सेशन कुठून दिसणार. त्याच काउंटीत मिलटाउन मॅलबे आहे, तिथं विली क्लॅन्सी नावाचा मोठा पाइप्सवादक (पाइप्स म्हणजे हवेच्या पिशवीवर वाजणारं वाद्य) होऊन गेला, तो गेला १९७३ मध्ये आणि त्याच वर्षीपासून जुलैत तिथं त्याच्या नावानं उन्हाळी शाळा भरते. सकाळी वर्ग, रात्री गावातला एकेक पब भरलेला.

आता परंपरेचं. गाईड अर्धं खरं बोलला. चाली जुन्या आहेत, त्यातल्या कितीतरी दोन-दोनशे वर्षं मागं जातात, पण पबात टोळकं करून वाजवणं हे त्या मानानं कालचं. आधी हे सगळं घराघरात आणि गावच्या चौरस्त्यावर नाचासाठी वाजायचं. १९३५ मध्ये सरकारनं कायदा केला, सार्वजनिक नाचाला लायसन्स लागणार, मागं चर्चचा रेटा होताच, आणि त्यानं घरातल्या नाचांची पार वाट लागली. मग दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश पोरं बांधकामावर मजुरीला लंडनला गेली, एकेका भाड्याच्या खोलीत चार-पाच जण, तिथं कुठं वाजवणार, म्हणून रविवारी पबात जमायला लागली. तिथं ही पद्धत रुजली आणि मग मायदेशातही आली. तोवर इकडं आयर्लंडात १९५१ मध्ये मलिंगार गावात ‘कोल्तस’ ही संस्था निघाली, तिनं दरवर्षी संगीताचा मोठा मेळा भरवायला सुरुवात केली आणि गावोगावचे वाजवणारे एकमेकांना भेटायला लागले.

तुम्ही मास्तर आहात म्हणून अजून एक. या चालींचं सगळ्यात गाजलेलं जुनं पुस्तक अमेरिकेत, शिकागोत निघालं. फ्रान्सिस ओनील हा तिथल्या पोलीस खात्याचा प्रमुख, मूळचा कॉर्कचा, त्यानं स्थलांतरित आयरिश माणसांकडून ऐकून ऐकून १९०३ मध्ये १,८५० चाली छापल्या. पोलिसाच्या डायरीत दुसरं काय काय असतं आणि याच्या डायरीत हे!

पुढच्या वेळी टूरवाल्याला सांगून एक संध्याकाळ मोकळी मागून घ्या. मंगळवार-बुधवार बघा, शनिवारी नको, गर्दीत काही ऐकू येत नाही.

ताई नमस्कार. मी आळंदीला पखवाज शिकलोय, तबला पण बऱ्यापैकी वाजवतो. सप्टेंबरपासून लिमरिकला इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला चाललोय. तिकडं पबात कुणीही येऊन वाजवू शकतं असं ऐकलं. पखवाज नेऊ का? – एक वाचक, नांदेड

भाऊ, तुझा प्रश्न वाचून लई आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे पखवाज घरी ठेव. पबात टेबलावर तू डाव्या बाजूला कणीक लावत बसलास तर लोक भाकरी थापायलास म्हणतील. आणि ती घुमारदार थाप त्या छोट्या जागेत सगळ्यांना गिळून टाकेल. तबल्याचा विचार करता येईल, पण लगेच नाही.

तिकडं तालाला बोडरान असतो. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, आपल्या डफाच्या घराण्यातला, मांडीवर उभा धरायचा, उजव्या हातात छोटी लाकडी काडी, आणि डावा हात मागून कातड्यावर दाबून सूर खालीवर करतो. बघताना सोपं वाटतं, आणि तिथंच घोटाळा होतो. दर दुसरा टुरिस्ट बोडरान विकत घेतो आणि संध्याकाळी सेशनमध्ये येऊन बडवायला लागतो, त्यामुळं बोडरानवाल्यांवरचे विनोद तिकडं ढिगानं आहेत. हे वाद्य पूर्वी जास्त करून २६ डिसेंबरला गवताचे मुखवटे घालून घरोघर फिरणाऱ्या पोरांच्या हातात असायचं, १९६०च्या आसपास शॉन ओ’रिआडा या संगीतकारानं ते स्टेजवर आणलं आणि मग त्याची इज्जत वाढली. एका सेशनला एक बोडरान, हा अलिखित नियम. तो असताना तू तबला काढायचा नाही.

आता वाजवतात काय ते समजून घे. एका चालीचे दोन भाग. पहिला भाग आठ बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट), तो दोनदा. दुसरा भाग आठ बार, तो पण दोनदा. म्हणजे ३२ बारचं एक आवर्तन. असं तीनेक वेळा वाजवायचं आणि न थांबता दुसऱ्या चालीत उडी, मग तिसऱ्या. याला सेट म्हणतात. उडी कधी मारायची हे कुणी सांगत नाही, जो म्होरक्या असतो तो मान वर करतो, पाय जरासा उचलतो किंवा ‘हप्’ असा आवाज काढतो, तेवढ्यावर आठ माणसं एकदम वळतात. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो बघ.

चालींचे प्रकार असतात, जिग म्हणजे तीन-तीनच्या दोन जोड्या, तुझा दादरा जवळपास बसतो. रील म्हणजे पळता केरवा. स्लिप जिग आली की मात्र सावध, ती नऊची, तीन-तीन-तीन, तिथं हात आपोआप सहावर सम शोधतो आणि तोंडावर पडतो. केरी बाजूला पोल्का फार, दोन-दोनचं, एकदम ठसकेबाज. सूर म्हणशील तर बहुतेक चाली ‘डी’ किंवा ‘जी’ मध्ये, म्हणजे आपली पांढरी दोन आणि पांढरी पाच. दाया पांढरी दोनला लागला तर दोन्हीकडं चालून जातं. तिकडच्या दमट हवेत कातडं सारखं उतरतं, हातोडी खिशात ठेवायची.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे आळंदीत शिकलेल्या पोराला पचायला जड जाईल. तिथं तालवाद्याला बारी नाही. सोलो नाही, जुगलबंदी नाही, लग्गी नाही, सेटच्या शेवटी तिहाई मारून टाळ्या घ्यायच्या नाहीत. सगळे सूरवाले एकच चाल एकाच वेळी वाजवतात आणि ताल खाली चटईसारखा अंथरलेला असतो. उलट ज्याला चाल पाठ नाही त्यानं त्या सेटला गप्प बसणं हीच तिथली मोठी तालीम समजतात.

तर काय करायचं, पहिले काही आठवडे नुसतं जाऊन बस. त्याच टेबलाच्या मागं, दर आठवड्याला त्याच वाराला. घरी आलास की ऐकलेल्या चालींचे बोल मनात धर, नोटेशनच्या मागं लागू नको, तिकडं पण कानानंच शिकतात, मृदंगाच्या गुरुजींसमोर तू बसायचास तसंच. ओळख झाली की म्होरक्याला दोन सेटच्या मधी विचार, ‘छोटा तबला आणलाय, पुढच्या एका जिगला बसू का?’ हो म्हणाले तर हळू हातानं एकच सेट वाजव आणि स्वतःहून थांब. मग तेच म्हणतील की वाजव अजून. आणि तू चाललायस ते गाव पण नशिबाचं, लिमरिकच्या विद्यापीठातच संगीत आणि नृत्याची आयरिश वर्ल्ड अकॅडमी आहे, तिथं जगभरची वाजवणारी पोरं शिकायला येतात, इंजिनिअरिंगचं लेक्चर सुटलं की तिकडं एक चक्कर मारत जा. आईला सांगू नको मी सांगितलं म्हणून.

दुबईत, बँकॉकमध्ये, जर्मनीत, कामानिमित्त जिथं जातो तिथं आयरिश पब असतोच आणि सगळे दिसतात पण सारखेच. जुनी लाकडं, भिंतीवर जुने डबे, सायकल टांगलेली. हे काय गौडबंगाल? – एक वाचक, बीड

गौडबंगाल काही नाही, धंदा आहे. १९९०च्या दशकात डब्लिनच्या आयरिश पब कंपनीनं गिनेस या बिअरवाल्यांसोबत मिळून तयार पबचे नमुनेच काढले, व्हिक्टोरियन पाहिजे, खेड्यातलं घर पाहिजे की जुनं दुकान पाहिजे, निवडा. सुतारकाम आयर्लंडात होतं, कंटेनरमध्ये भरून येतं आणि तिकडं जोडतात. डबे आणि सायकल मात्र अगदीच हवेतलं नाही, आयर्लंडच्या खेड्यात पूर्वी पब आणि किराणा, खिळे-कुलपं एकाच छपराखाली असायची, डिंगल गावात डिक मॅक्सचा पब चामड्याच्या दुकानातच आहे, एका बाजूला पट्टे, दुसऱ्या बाजूला बार. दुबईच्या पबात गाणं ऐकू आलं तर ते बहुतेक स्पीकरवरचं, चांगलं सेशन लागलं तर तुमचं नशीब.

माझे मिस्टर कॉर्कला आयटीत आहेत, मी नुकतीच आले. शुक्रवारी त्यांच्या ऑफिसची माणसं आम्हाला पबात नेतात, म्युझिक छान असतं, पण दर वेळी कुणीतरी सगळ्यांसाठी आणतं आणि आम्ही नुसते बघत बसतो. पैसे कसे द्यायचे? वाजवणाऱ्यांना पण काही द्यायचं असतं का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बाई, त्याला राउंड म्हणतात, आणि तुमचा राउंड कधीच आला नाही हे तिथल्या प्रत्येकानं मनात नोंदवून ठेवलंय, तोंडावर कुणी बोलणार नाही. सहा जण असाल तर एक जण सहाही जणांचं आणतो, मग दुसरा, असं फिरत जातं. तुम्ही ज्यूसच प्यायलात तरी पाळी तुमचीही. जमत नसेल तर सुरुवातीलाच सांगायचं की आम्ही आमचं आमचं घेतो, त्यात राग नाही. मिस्टर आठ वाजता उठून म्हणाले, ‘हा माझा’, की विषय संपला.

गिनेस मागवली तर बारवाला ग्लास पाऊणएक भरून बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याचं काम करायला जातो, विसरला समजून हाका मारू नका, फेस बसला की परत येऊन भरतो. पाइंट म्हणजे ५६८ मिली, आपली बाटली नव्हे, आणि मिस्टर गाडी चालवणार असतील तर त्यांना शून्य अल्कोहोलवालीच घेऊ द्या, पोलीस रस्त्यात कधीही फुंकायला लावतात.

वाजवणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना पबवाला मानधन देतो, बाकीचे हौसेनं येतात. पेटी किंवा टोपी फिरली तर टाका, नाहीतर नोट कुणाच्या हातात कोंबू नका, लाजतात. फार आवडलं तर बारवाल्याला सांगायचं, त्या टेबलावर माझ्याकडून एक-एक द्या. फर्माईश मात्र करू नका हं. आणि त्या टेबलाभोवतीची रिकामी खुर्ची ही रिकामी नसते.

मी गॉलवेला शिकते. परवा मैत्रिणींसोबत पबात होते, मस्त वाजवणं चालू होतं, अचानक सगळं थांबलं आणि एक म्हातारे आजोबा डोळे मिटून नुसतेच गायला लागले, कुठलं वाद्य नाही. शेजारच्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि गोल गोल फिरवायला लागल्या. मी व्हिडिओ काढायले तर एकानं मला रागानं ‘श्श’ केलं. माझं काय चुकलं? आणि मग आजोबांनी माझ्याकडंच बोट दाखवलं, सगळे माझ्याकडं बघायले, मी घाबरून बाथरूमला पळाले. – एक वाचक, अंबाजोगाई

अगं वेडे, तुला केवढं मोठं भाग्य चालून आलं होतं!

ते शान-नोस गाणं. साथ नाही, ताल पण पक्का नाही, बहुतेक आयरिश भाषेत, आणि गळ्यातल्या हरकतींवर सगळा खेळ. गॉलवेच्या पश्चिमेला कोनेमारा आहे, तिथं ही भाषा आणि हे गाणं अजून घराघरात आहे. गाणं लांबलचक असतं, प्रेमात फसलेली पोर, समुद्रात बुडालेला माणूस, परदेशी गेलेला मुलगा, एकामागं एक कडवी. गाणारा कुणाच्या डोळ्यात बघत नाही, डोळे मिटतो नाहीतर भिंतीकडं तोंड करतो. हात धरून फिरवायची जुनी रीत आहे, गाणाऱ्याला जोर यावा म्हणून, त्या बाईंनी मधे मधे हळूच काही पुटपुटलं पण असेल, ती दाद. बाकी सगळ्यांनी चिडीचूप. अशा वेळी बारवाला सुद्धा ग्लास धूत नाही आणि तुझा मोबाईल उजेड मारत होता. रील, जिग चालू असताना एखादा फोटो खपून जातो, या गाण्यात नाही. तू जा आणि त्या माणसाला सॉरी म्हण, तो विसरला पण असेल.

बोट दाखवायचं म्हणजे, ज्यानं गाणं म्हटलं त्याला पुढचं कुणी म्हणायचं ते सांगायचा मान असतो. आजोबांनी तो तुला दिला. नाही म्हणता येतं, हसून हात जोडले तरी चालतं, पण पळायचं नाही. आणि नाही तरी का म्हणावं? तुझ्या आजीच्या जात्यावरच्या दोन ओव्या येत असतील, भोंडल्याचं येत असेल, एखादी गवळण येत असेल. त्यांना शब्द कळणार नाहीत, आयरिश न येणाऱ्या निम्म्या लोकांना आजोबांचे पण कळले नव्हते. फक्त करिओके लावू नको, फोन बघून म्हणू नको, आणि हिंदी सिनेमातलं म्हणशील तर ट्रॅकशिवाय उभं राहील असंच निवड. सूर आपल्याला झेपेल तेवढा खाली धर, घाबरल्यावर सगळ्याच जणी वर लावतात आणि तिसऱ्या ओळीला गळा बसतो. दोन-तीन कडवी झाली की थांब आणि मग तू बोट दाखव, शक्यतो त्या ‘श्श’ करणाऱ्याकडं.

आणि तो व्हिडिओ स्टेटसला टाकला असशील तर आधी काढ.